गावच्या कामांचे मोजमाप गावानेच करावे

खळ्यावर धान्य मोजल्यावाचून कोणताही शेतकरी पोत्यांची तोंडे शिवीत नाही. बी किती पेरले, खत किती घातले, मजुरी किती दिली आणि अखेरीस पदरात काय पडले, याचा ताळा तो मनाशी का होईना, पण घालतोच. परंतु त्याच शेतकऱ्याच्या गावात नाल्यावर बंधारा बांधला जातो, रस्त्यावर खडी पडते किंवा अंगणवाडीची खोली उभी राहते, तेव्हा त्या कामाचा ताळा घालणे हे आपले काम नव्हे, अशी समजूत तो करून घेतो. काम शासनाचे, पैसा शासनाचा, तेव्हा तपासणीही शासनाचीच, असे म्हणून तो बाजूस होतो. ही समजूत कायद्यास धरून नाही आणि गावाच्या हिताची तर मुळीच नाही.

विसरवाडी हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील, सुरत-धुळे महामार्गावरील गाव होय. सभोवारच्या पाड्यांतून मावची, भिल्ल, कोकणी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. भात, तूर, ज्वारी व मका ही या भागातील नित्याची पिके असून बहुतेकांची भिस्त खरिपावरच असते. अशा ठिकाणी एखादा नालाबांध पहिल्याच पावसाळ्यात फुटला, तर नुकसान केवळ शासकीय रकमेचे होत नाही. बांधाखालच्या विहिरींना पाणी उतरत नाही, हरभऱ्यास एकही ओलीत देता येत नाही, आणि दिवाळी सरताच त्या शेताचा धनी ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरतो. कागदावर मात्र तो बांध पूर्ण झालेला असतो. कागद व जमीन यांतील हे अंतर सर्वांत आधी कोणाला दिसते? ते त्या पाड्यावर राहणाऱ्याला दिसते. म्हणूनच मूल्यमापनाचे काम त्याच्या हाती असणे अगत्याचे आहे.

मूल्यमापनाची मागील वाटचाल

शासकीय कार्यक्रमांचे मूल्यमापन ही काही नवी कल्पना नव्हे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रमास आरंभ झाला आणि त्याच वर्षी नियोजन आयोगाने या कार्यक्रमाच्या पाहणीसाठी स्वतंत्र मूल्यमापन संघटना स्थापन केली. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने लोकांच्या हाती सत्ता व जबाबदारी सोपविल्यावाचून ग्रामविकास रुजणार नाही, असा अभिप्राय दिला. त्यातूनच महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला. तथापि या साऱ्या काळात तपासणी करणारा अधिकारी बाहेरून येई, प्रश्न तो विचारी आणि ग्रामस्थ उत्तरे देई. प्रश्न विचारण्याचा अधिकार ग्रामस्थाकडे आलेला नव्हता.

हा क्रम उलटा करण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग राजस्थानात झाला. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराणा या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरविली. विकासकामांची कागदपत्रे लोकांसमोर उघडपणे वाचून दाखविण्यात आली आणि ज्यांच्या नावे पैसे खर्ची पडले होते, त्यांनीच खरे-खोटे सांगितले. त्या चळवळीतून माहितीच्या अधिकाराची मागणी बळावली आणि २००५ साली तो अधिकार देशभर कायद्याने प्राप्त झाला.

महाराष्ट्रास रोजगार हमीची परंपरा जुनी आहे. वि. स. पागे यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या या योजनेस राज्याने १९७७ साली कायद्याचे रूप दिले. पुढे २००५ साली राष्ट्रीय कायदा झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील ज्या २०० जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला, त्यांत नंदुरबार जिल्हाही होता. या कायद्याच्या १७ व्या कलमाने ग्रामपंचायत हद्दीतील कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने नियमितपणे करावे, असे ठरविले आणि २०११ च्या नियमांनी ते सहा महिन्यांतून निदान एकदा व्हावे, असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. योजनांची नावे व नियम असे बदलत असतात. परंतु मोजमाप करण्याची सवय एकदा गावास लागली, की ती कोणत्याही योजनेच्या कामी येते.

नंदुरबार जिल्ह्याचा अनुभव

या बाबतीत नंदुरबार जिल्ह्यास दूरचे दाखले शोधण्याची आवश्यकता नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात २००७ साली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख ठेवण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी प्रथम निवडलेल्या पाच जिल्ह्यांत अमरावती, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे यांच्याबरोबर नंदुरबारचा समावेश होता. राज्यपातळीवर या कामाचे संयोजन पुण्याच्या साथी या संस्थेकडे होते.

त्याची रीत साधी होती. गावच्या समितीने ग्रामस्थांना, विशेषतः मातांना विचारावयाचे की, परिचारिका गावात येते काय, लसीकरण वेळेवर होते काय, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळते काय आणि वागणूक कशी मिळते. उत्तरांवरून प्रत्येक सेवेस एक रंग द्यावयाचा. सेवा चांगली असल्यास हिरवा, मध्यम असल्यास पिवळा आणि वाईट असल्यास लाल. अशा रीतीने तयार झालेले प्रगतिपत्रक ज्यास अक्षरओळख नाही त्यासही समजे. नंतर जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर मांडले जाई आणि अधिकाऱ्यांनी तेथेच उत्तर द्यावे, अशी अपेक्षा असे.

या प्रयोगापासून घ्यावयाचे धडे दोन. पहिला असा की, निरक्षरता ही मूल्यमापनातील अडचण नव्हे. अडचण आहे ती मोजण्याच्या अवघड रीतीची. रीत सोपी केली, की मोजणारे गावातच मिळतात. दुसरा धडा असा की, केवळ तक्रार आणि मूल्यमापन यांत मोठे अंतर आहे. तक्रार एका व्यक्तीची असते व ती बहुधा रागाने केलेली असते. मूल्यमापन गावाचे असते, त्यात चांगल्यास चांगले म्हटलेले असते, आणि म्हणूनच त्यातील लाल रंगाकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते.

ग्रामसभेचे प्रमाणपत्र

नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्यामुळे २४ डिसेंबर १९९६ चा पंचायत क्षेत्र विस्तार कायदा, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला पेसा कायदा, येथे लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम ४ मार्च २०१४ रोजी प्रसिद्ध केले. या कायद्याच्या चौथ्या कलमात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. विकासाची कोणतीही योजना पंचायतीने हाती घेण्यापूर्वी तिला ग्रामसभेची मान्यता पाहिजे. आणि योजनेवर निधी खर्च झाल्यावर त्याच्या विनियोगाचे प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घेतले पाहिजे.

या दुसऱ्या तरतुदीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार म्हणजे ते न देण्याचाही अधिकार होय. काम अपुरे असेल, तर ते पुरे होईपर्यंत प्रमाणपत्र थांबविणे हे ग्रामसभेचे कर्तव्यच ठरते. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींस थेट देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. त्यामुळे गावाच्या हाती येणारी रक्कम वाढली आणि तिच्या हिशेबाची जबाबदारीही वाढली. शिवाय पेसा कायद्याने गावाची व्याख्या वस्ती व पाडे यांच्या आधारे केलेली आहे. मोठ्या गावाच्या सभेत एका कोपऱ्यात बसणाऱ्या पाड्यास आपल्या कामाबद्दल स्वतः बोलता यावे, हा त्यातील हेतू आहे.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अधिकारी ग्रामपंचायतीचे दप्तर तपासतात, तेव्हा आणखी गावाने तपासण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, लेखापरीक्षक कागदाशी कागद ताडून पाहतो, तर ग्रामस्थ कागदाशी जमीन ताडून पाहतो. दोन्ही तपासण्या आवश्यक आहेत आणि एकीने दुसरीचे काम भागत नाही. जलयुक्त शिवार अभियानास डिसेंबर २०१४ मध्ये प्रारंभ झाला. त्यावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही पाण्याची गरज भागविण्यात व भूजलपातळी वाढविण्यात अभियानाचा परिणाम अल्प झाला, असा अभिप्राय भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालातून २०२० साली प्रकट झाला. गळणारा बंधारा गळतो, हे त्याच्या काठच्या शेतकऱ्यास पहिल्याच हिवाळ्यात कळलेले असते. ते ऐकण्याची व नोंदविण्याची व्यवस्था गावात असेल, तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागणार नाही.

मोजमाप कसे करावे

प्रारंभ कागदांपासून करावा. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक नमुना १ मध्ये व दैनंदिन जमाखर्च नमुना ५ च्या रोकडवहीत असतो. त्याखेरीज कामाचे तांत्रिक अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, मजुरांचे हजेरीपत्रक व साहित्याच्या पावत्या एवढी कागदपत्रे पुरेशी होतात. ग्रामपंचायतींचे आराखडे व खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर पाहता येतात. गावातील शिकलेल्या मुलांकडून ते उतरवून घ्यावेत. कागद मिळण्यास अडचण आल्यास माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो. या कायद्याने केवळ कागद पाहण्याचाच नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे, ही गोष्ट पुष्कळांस माहीत नसते.

कागद हाती आले, की ते मोठ्याने वाचावेत, आणि मावची किंवा भिलोरी बोलीत समजावून सांगावेत. ‘घनमीटर’, ‘प्राकलन’, ‘विनियोग’ असे शब्द सभेत तसेच फेकले, तर माना डोलतील, परंतु कोणास काही उमगणार नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा म्हणजे एक घनमीटर, असे सांगितल्यास ज्याने आयुष्यभर मातीकाम केले आहे त्यास ते तत्काळ कळते.

त्यानंतर शिवारफेरी काढावी. काम मागताना शिवारफेरी काढण्याचा प्रघात अनेक गावांत आहे. तीच फेरी काम झाल्यावरही काढावयास हवी. बरोबर टेप असावी. टेप नसल्यास मीटरमीटरवर गाठी मारलेली दोरी चालते. फेरीत कामावर असलेले मजूर, लाभधारक शेतकरी, स्त्रिया आणि ज्यांच्या हद्दीतून काम गेले ते, असे सर्व असावेत.

एक उदाहरण

समजा, अंदाजपत्रकात मातीचा बांध ४०० मीटर लांब, तळाशी २.१० मीटर व माथ्यावर ०.३० मीटर रुंद आणि ०.९० मीटर उंच दाखविला आहे. तळ व माथा यांची बेरीज करून निम्मी करावी व तीस उंचीने गुणावे, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ १.०८ चौरस मीटर येते. त्यास लांबीने गुणिले असता मातीकाम ४३२ घनमीटर होते.

आता गावकऱ्यांनी दोरी लावली, तेव्हा बांधाची लांबी ३५० मीटर, तळ १.९० मीटर, माथा ०.३० मीटर व उंची ०.८० मीटर भरली, असे धरू. छेद ०.८८ चौरस मीटर व मातीकाम ३०८ घनमीटर झाले. म्हणजे १२४ घनमीटरांची तूट आली. ही सर्व तूट लबाडीची आहे, असा निष्कर्ष लगेच काढणे मात्र न्यायाचे होणार नाही. नवी माती पावसाने दबते, काठ ढासळतात, आणि म्हणून उंची व रुंदी काही अंशी घटते. परंतु लांबी दबत नाही. ५० मीटर लांबीची तूट म्हणजेच ५४ घनमीटर काम. त्याचे उत्तर मिळालेच पाहिजे. उरलेल्या ७० घनमीटरांपैकी दबल्यामुळे घटलेले किती आणि मुळात न झालेले किती, हे मातीच्या खड्ड्यांवरून ताडता येते. ज्या खड्ड्यांतून माती काढली ते मोजावेत. खड्ड्याच्या मधोमध न खणलेल्या जमिनीचा खुंट राखून ठेवलेला असेल, तर मूळ जमिनीपासूनची खोली त्यावरून सहज समजते. काम सुरू असतानाच असे खुंट राखण्याचा आग्रह ग्रामस्थांनी धरावा.

मोजमाप पुरे झाले, तरी मूल्यमापन पुरे होत नाही. काम अंदाजपत्रकाप्रमाणे झाले काय, हा पहिला प्रश्न. त्या कामाने गावाचा काय फायदा झाला, हा दुसरा. बंधाऱ्यात पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकले, खालच्या किती विहिरींस ते लाभले, रब्बीचे क्षेत्र किती वाढले, याची नोंद दरवर्षी ठेवावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाऊस व भूजल मोजून पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची व त्यानुसार पिके ठरविण्याची पद्धत ग्रामसभेत रुजविली आहे. ज्या गावास आपल्या पाण्याचा हिशेब मांडता येतो, त्यास आपल्या पैशाचा हिशेब मांडणे अवघड नाही.

केव्हा करावे

राज्यात प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन व गांधी जयंती या दिवशी ग्रामसभा घेण्याचा परिपाठ आहे. परंतु विसरवाडीच्या भागात दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीस व अन्य मजुरीस बाहेर जातात. २६ जानेवारीच्या सभेत त्यांची जागा रिकामी असते, आणि हजेरीपत्रकावर खरोखर कामास होते कोण, हे सांगू शकणारी माणसे नेमकी तीच असतात. म्हणून हजेरी, मजुरी व मातीकाम यांचे अंकेक्षण होळीनंतर, मंडळी परतली म्हणजे, १ मे च्या सभेस धरून करणे श्रेयस्कर होय. त्या वेळी नाले कोरडे असल्यामुळे बांध व भिंती पायापासून पाहता येतात, आणि दुरुस्तीस पावसापूर्वी अवधी मिळतो. पाणी किती टिकले, ही पाहणी मात्र मार्गशीर्ष-पौषात, गावी असलेल्या शेतकऱ्यांकडून करवून घ्यावी.

ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती केवळ सह्यांपुरती उरू नये. पाण्याचा नळ, अंगणवाडीचा आहार, स्वस्त धान्य दुकान व शौचालय यांची खरी स्थिती स्त्रियांइतकी कोणासच ठाऊक नसते.

अडचणी व त्यांवर उपाय

गावात तट असतात. मूल्यमापनाच्या निमित्ताने जुनी भांडणे उकरून काढली जाण्याचा संभव असतो. त्यावर उपाय असा की, माणसाविषयी न बोलता कामाविषयी बोलावे, आणि प्रत्येक विधानास माप, पावती किंवा प्रत्यक्ष साक्षीदाराचा आधार मागावा. ज्याच्या कामाविषयी प्रश्न निघाला, त्या सरपंचास, ग्रामपंचायत अधिकाऱ्यास किंवा अभियंत्यास उत्तर देण्याची पूर्ण संधी द्यावी व ते उत्तरही इतिवृत्तात लिहावे. कित्येकदा निधी उशिरा आला, खडक लागला किंवा जागा बदलावी लागली, अशी रास्त कारणे असतात. ती लोकांसमोर आली, तर संशय निवळतो. प्रामाणिक कर्मचाऱ्यास मोजमापाचे भय नसते. त्याच्या चांगल्या कामाची गावासमोर नोंद होण्याचा तो एक मार्गच आहे.

दुसरी अडचण भिडेची. मजुरी कमी मिळाली, हे गड्याने मुकादमासमोर सांगावे कसे? याकरिता पाड्यापाड्यांवर आधी लहान बैठका घेऊन माहिती गोळा करावी व सभेत ती पाड्याच्या नावे मांडावी. एकट्याचा आवाज दबतो, पाड्याचा दबत नाही.

तिसरी अडचण विसराची. सभा होते, चर्चा रंगते, आणि पुढच्या सभेपर्यंत सारे विस्मरणात जाते. म्हणून प्रत्येक त्रुटीपुढे ती कोणी व कोणत्या तारखेपर्यंत दूर करावयाची, हे लिहावे. ती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत रंगवावी. पुढील ग्रामसभेचे काम त्या यादीपासूनच सुरू करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम या साऱ्यात मध्यस्थाचे नव्हे, तर साह्यकर्त्याचे आहे. त्याने स्वतः निकाल देऊ नये. कागद आणून द्यावा, आकडा समजावून सांगावा, टेपचे एक टोक धरावे आणि दुसरे टोक गावकऱ्याच्या हाती द्यावे. येत्या १ मे पूर्वी प्रत्येक पाड्याने गेल्या वर्षातील निदान एक काम निवडावे, ते मोजावे, आणि त्याचे माप ग्रामसभेत वाचून दाखविल्यावरच विनियोगाच्या प्रमाणपत्रावर सही होईल, असा ठराव करावा. पहिल्या वर्षी एक काम, दुसऱ्या वर्षी चार, या गतीने गेल्यास थोड्याच वर्षांत गावातील एकही काम मोजल्यावाचून राहणार नाही.